खुंटा हलवून बळकट

॥ श्री गणेशाय नमः ॥

आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक ३३ ते ३६



आजच्या चार श्लोकांत अर्जुन चक्क तक्रार करतो. भगवंतांनी नुकताच ध्यानयोग समजावून सांगितला आहे. त्यावर अर्जुनाचं म्हणणं असं : देवा, हा समत्वाचा योग ऐकायला उत्तम, पण मन इतकं चंचल आहे की तो टिकेल असं मला दिसत नाही. मनाला आवरणं म्हणजे वाऱ्याला आवरणं. भगवंत त्याला रागावत नाहीत. आधी त्याचं म्हणणं मान्य करतात की मन आवरायला कठीण आहे, यात शंकाच नाही. मग दोन शब्दांत उपाय सांगतात : अभ्यास आणि वैराग्य.

अर्जुनाचा प्रश्न नीट पाहा. मन एकदा तरी शांत होईल का, असं तो विचारत नाहीये. शांत झालेलं मन तसंच उभं कसं राहील, हे त्याला कळत नाहीये. हा आपला सगळ्यांचा अनुभव आहे. आळंदीहून परतताना केलेला निश्चय घरी पोचेपर्यंत ताठ असतो. सोमवारी सकाळी ऑफिसचे मेसेज सुरू झाले की तो जरा कलतो, आणि गुरुवारपर्यंत आडवा होतो. उभं करणं सोपं आहे, उभं राहणं अवघड.

म्हणून आज खांबाकडून शिकू या.

आधी पूजा खांबाची

आषाढी झाली की आपल्या पेठांमध्ये वासापूजनं सुरू होतात. वासा म्हणजे मंडपाचा खांब. दगडूशेठ हलवाई गणपतीच्या सजावटीचं कामसुद्धा वासापूजनानं सुरू होतं. बाप्पा यायला अजून अवकाश असतो, पण हळदकुंकू आधी खांबाला. लग्नघरीही तेच. मांडवाचा पहिला खांब म्हणजे मुहूर्तमेढ. आता फ्लॅटमध्ये ती कुंडीतल्या मातीत उभी राहते, पण पूजा चुकत नाही. कुठल्याही नव्या कामाला आपण 'मुहूर्तमेढ रोवली' म्हणतो, ते यावरूनच.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. मुहूर्त असतो तो मेढ रोवण्याचा. ती पक्की होण्याला मुहूर्त नसतो, तिथे वेळच द्यावा लागतो. रोवली त्या क्षणापासून पक्की होईपर्यंतचा जो मधला काळ, त्यात तिला कुणीतरी धरून ठेवावं लागतं. आजचे श्लोक याच मधल्या काळाबद्दल आहेत.

दोन टेकू

आमच्या सोसायटीच्या मागच्या बाजूला कुंपणाचे खांब बसवले, तेव्हा मी ते काम उभं राहून पाहिलं. पहारीनं खड्डा घेतला. खांबाच्या उंचीचा साधारण चौथा ते तिसरा हिस्सा जमिनीत जाईल इतका खोल. तळाला खडी टाकली, खांब उभा केला, ओळंबा लावून सरळ पाहिला. मग दोन बांबू तिरपे लावून खांबाला टेकू दिले. बांबूचं एक टोक खांबाला घट्ट बांधलं आणि दुसरं जमिनीत ठोकलेल्या खुंटीला. त्यानंतर काँक्रीट ओतलं. परदेशात यासाठी खांबाला चिमट्यासारखी बसणारी तयार अवजारं मिळतात, काटकोनात दोन लेव्हल बसवलेली. आपल्याकडे दोन बांबू, सुतळी आणि ओळंबा यांवर काम भागतं. तत्त्व एकच.

टेकू दोनच का, आणि तेही एकमेकांना काटकोनात का? कारण एक टेकू खांबाला एकाच रेषेत धरतो. पूर्व-पश्चिम धरलं तर खांब दक्षिण-उत्तर डुलायला मोकळा. त्याच रेषेत आणखी चार टेकू लावले तरी फरक पडत नाही. दुसऱ्या दिशेनं एक लावला की खांब जागच्या जागी थांबतो.

आता भगवंतांचे दोन शब्द पुन्हा वाचा. अभ्यास म्हणजे मन पुन्हा पुन्हा एकाच ठिकाणी आणणं. वैराग्य म्हणजे ते जिथे जिथे ओढलं जातं तिथली पकड सोडणं. ही एकाच गोष्टीची दोन नावं नाहीत. ते दोन वेगळ्या दिशांचे टेकू आहेत. पतंजलींनीही योगसूत्रांच्या पहिल्या पादात हीच जोडी सांगितली आहे.

नुसता अभ्यास असला की काय होतं? माळा वाढतात, पारायणांची संख्या वाढते, ॲपवरचा आकडा वाढतो आणि त्याबरोबर 'मी किती करतो' हेही वाढतं. खांब त्या अंगाला कलतो. नुसतं वैराग्य असलं तर? फोन सुटतो, सिनेमे सुटतात, मित्र सुटतात, पण रिकाम्या जागी काहीच येत नाही. माणूस कोरडा आणि चिडका होतो. घरच्यांना वाटतं, याच्यापेक्षा आधीचा बरा होता! आपली साधना कोणत्या अंगाला कलते हे प्रत्येकानं आपलं आपण पाहावं. टेकू त्याच अंगाला कमी पडलेला असतो.

हलवायचं कधी?

मराठीत एक वाक्प्रचार आहे : खुंटा हलवून बळकट करणे. वर म्हटलेला खांब काँक्रीटचा होता. नुसत्या मातीत खांब रोवताना पद्धत वेगळी. थोडी माती टाकायची, धुमसानं चोपायची, खांब हलवून पाहायचा. हलला की कुठे पोकळी राहिली ते कळतं. तिथे पुन्हा माती, पुन्हा चोपणं, पुन्हा हलवणं. शेवटी तो हलत नाही.

आपल्या शास्त्रात याला नाव आहे, स्थूणानिखनन न्याय. स्थूणा म्हणजे खांब, निखनन म्हणजे जमिनीत रोवणं. शंकराचार्य ब्रह्मसूत्रभाष्यात हा न्याय वापरतात, आणि कुठे वापरतात ते पाहण्यासारखं आहे. दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात प्रश्न येतो : जगात कुणी अत्यंत सुखी, कुणी अत्यंत दुःखी. मग हे जग निर्माण करणारा ईश्वर पक्षपाती आणि निर्दय ठरत नाही का? हा आक्षेप कुणा नास्तिकाच्या तोंडून ऐकल्यासारखा वाटतो. तो आचार्य स्वतः मांडतात, पूर्ण ताकदीनं मांडतात, आणि सुरुवातीलाच सांगतात की ईश्वर जगाचं कारण आहे यावर पुन्हा आक्षेप घेतोय तो ते पक्कं करण्यासाठी. खांब हलवून रोवतात तसा.

हे मला आत्ता का सांगावंसं वाटतं, तर माझ्या एका मित्राची नोकरी गेली. अकरा वर्षं रोज पहाटे माळ करणारा माणूस. तो मला म्हणाला, "जे नऊच्या आधी उठत नाहीत त्यांच्या नोकऱ्या शाबूत. मग मी कुणासाठी उठत होतो?" आणि थोड्या वेळानं, हळू आवाजात, "असं मनात येतं याचंच जास्त वाईट वाटतं रे."

आचार्यांचं उत्तर भाष्यात आहे. पाऊस सगळ्या शेतांवर सारखा पडतो, पण भात भात होतो आणि जव जव होतो. फरक बीजाचा असतो, तसा जीवांमधला फरक ज्याच्या त्याच्या कर्मानुसार. पण नोकरी गेलेल्या माणसाला त्या आठवड्यात हे ऐकवणं म्हणजे जखमेवर मीठ. मी त्याला उत्तर सांगितलं नाही. एवढंच सांगितलं की तुझा प्रश्न बाराशे वर्षांपूर्वी शंकराचार्यांनी भाष्यात लिहून ठेवला आहे. देव पक्षपाती आहे का, हे विचारल्यानं तू भक्तांच्या बाहेर गेलेला नाहीस. खांब हलतोय म्हणजे तो उपटला गेला असं नाही. एखादी पोकळी भरायची राहिली असेल, ती दिसली.

आपल्यापैकी जे कोड लिहितात त्यांना हे पटकन कळेल. टेस्टर आपला प्रोग्राम मोडून बघतो तेव्हा तो शत्रू नसतो. तो हलवून बघतो म्हणून प्रोग्राम उभा राहतो.

आणि हात कधी लावायचा नाही?

याची दुसरी बाजू काँक्रीटच्या खांबात आहे. काँक्रीट ओतल्यावर तो हलवायचा नसतो. आमच्याकडचे मिस्त्री जाताना पोरांना दटावून गेले, "उद्यापर्यंत कुणी हात लावायचा नाही. झुलायचं तर नाहीच." आत काँक्रीट धरत असताना खांब हलला तर भोवती फट पडते, आणि ती नंतर सांधत नाही. काँक्रीटच्या बांधकामासाठीचं आपलं भारतीय मानक, आयएस ४५६, सांगतं की साध्या पोर्टलँड सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस ओलं ठेवा. त्याची ताकद मोजतात ती २८ दिवसांची. वरून ते दुसऱ्याच दिवशी दगडासारखं दिसतं, पण आत काम चालूच असतं.

मग हलवायचं की नाही हलवायचं? उपनिषदात याचं उत्तर क्रमानं दिलं आहे. बृहदारण्यकात याज्ञवल्क्य मैत्रेयीला आत्म्याबद्दल सांगतात की तो ऐकावा, त्यावर मनन करावं, त्याचं निदिध्यासन करावं. श्रवण म्हणजे खांब खड्ड्यात उभा करणं. मनन म्हणजे हलवून हलवून चोपणं, सगळ्या शंका इथे काढायच्या. निदिध्यासन म्हणजे आता हात न लावता धरू देणं.

आपण बहुतेक वेळा उलटं करतो. शंका काढायच्या वेळी 'श्रद्धा ठेवावी' म्हणून गप्प बसतो, आणि नियम घेतल्यावर रोज सकाळी त्याच्याशी वाद घालतो. आज करू की नको? हेच नाम घेऊ की दुसरं? एखाद्या व्हिडिओत ऐकलेली ती पद्धत जास्त चांगली असेल का? महिनाभरासाठी घेतलेला नियम महिनाभर तपासायचा नसतो. तपासायचं ते आधी किंवा नंतर. पतंजली म्हणतात, अभ्यास दीर्घकाळ, खंड न पडता आणि आदरानं केला की तो दृढभूमी होतो. शब्द पाहा किती नेमका आहे. जमीन घट्ट झाली.

टेकू आणि जमीन

आता सगळ्यात नाजूक मुद्दा. पहाटेचा गजर, जपाचं ॲप, सत्संगाचा ग्रुप, 'आज झालं का रे?' असं विचारणारा मित्र, हे सगळे टेकू आहेत. त्यांची लाज वाटायचं कारण नाही. 'खरी भक्ती असती तर गजर कशाला लागला असता?' असं काही जण म्हणतात. ओल्या काँक्रीटमधल्या खांबाला आपण असं कधी विचारत नाही. भिंतीला देतात तो धिरा आणि माणसाला देतात तो धीर, मराठीत हे शब्द किती शेजारी शेजारी आहेत! ज्याला गरज आहे त्यानं तो घ्यावा, ज्याच्याकडे आहे त्यानं तो द्यावा. आम्ही चौघं हल्ली दर गुरुवारी त्या मित्राकडे जाऊन हरिपाठ म्हणतो. तो म्हणत नाही, नुसता बसतो. तेवढं आत्ता पुरेसं आहे.

पण टेकू म्हणजे खांब नव्हे. नाम हा खांब, ॲपवरचा आकडा हा टेकू. फोन बिघडला आणि चारशे दिवसांची साखळी पुसली गेली, तर गेलं काय? आकडा गेला, नाम गेलं नाही. तेव्हा खूपच हळहळ वाटली तर समजावं की आपण खांबाऐवजी टेकूला हळदकुंकू वाहत होतो.

आणि टेकूही शेवटी खांबाला पेलत नाही. टेकू त्याला फक्त सरळ ठेवतो, तोवर जमीन त्याला धरते. धरणारी जमीनच. आपला अभ्यास, आपलं वैराग्य, आपले नियम आणि आपली माणसं, हे सगळं आपल्याला फार तर तेवढा वेळ सरळ ठेवतं. खालून चहूबाजूंनी हळूहळू घट्ट धरतो तो भगवंत, आणि ते धरणं वरून दिसत नाही. म्हणून ज्या दिवसांत काहीच घडत नाही असं वाटतं, त्या दिवसांत एवढंच करायचं : सरळ उभं राहायचं आणि त्याला धरू द्यायचं.

आजचा अभ्यास

१. आपली साधना कोणत्या अंगाला कलते ते एका ओळीत लिहा. अभ्यास कमी पडतो की वैराग्य?

२. मनात दडवलेली एक शंका आज स्पष्ट शब्दांत मांडा, जाणत्या माणसापुढे किंवा थेट देवापुढे.

३. एक छोटा नियम २८ दिवसांसाठी घ्या. रोज पाच मिनिटांचाही चालेल. या २८ दिवसांत तो बदलायचा नाही, वाढवायचाही नाही.

४. कुणाचा खांब हलताना दिसतोय का? त्याला उपदेश नको. शेजारी जाऊन बसा.

राम कृष्ण हरी.