नामदेवरायांचे रडणे

॥ श्रीपांडुरंग प्रसन्न ॥

संतसज्जनहो, कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीत नामदेवरायांच्या वंशातील नामदास घराण्याचे कीर्तन होते, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. माउलींच्या समाधीचा प्रसंग सुरू झाला की मंडपात कोरडा डोळा उरत नाही. टाळकरी रडतात, विणेकरी रडतात, सांगणाऱ्याचाही कंठ दाटतो. सातशे वर्षांहून अधिक काळ लोटला, परंतु हे रडणे काही शिळे झालेले नाही.

अशाच एका कीर्तनानंतर एका शिकलेल्या मुलाने मला इंद्रायणीच्या घाटावर गाठले. नमस्कार केला आणि म्हणाला, “बुवा, भगवंतांनी गीतेत अर्जुनाला पहिलाच पाठ दिला तो हा, की शहाण्याने गेलेल्याचा शोक करू नये. त्यावर माउलींनी मराठीत टीका केली. मग त्याच माउलींसाठी नामदेवराय रडले कसे? त्यांना आत्मा अमर आहे हे ठाऊक नव्हते काय?”

प्रश्न त्या मुलाचा खरा, पण तो माझ्याच अंतःकरणात अडकून बसलेला होता. त्याचे कारण पुढे सांगतो. आधी थोडे शास्त्र पाहू.

लहानपणी पाठशाळेत आम्ही धातुपाठ घोकला. त्यात ‘स्मृ’ या धातूचा एक अर्थ ‘आध्यान’ असा दिला आहे. आमचे गुरुजी विचारीत, “आध्यान म्हणजे काय रे?” आणि आम्ही ओरडून सांगत असू, “उत्कंठापूर्वक स्मरण!” त्या वयात कळत काहीच नव्हते. आता कळते, की नुसती आठवण होणे वेगळे आणि जीव ओढून आठवण होणे वेगळे. सावकाराला कुळाची आठवण असते. सासुरवाशिणीला माहेरची असते. दुसरी ती आध्यान. आता पाहा, आपण ज्याला नामस्मरण म्हणतो त्यातला ‘स्मरण’ हा शब्द याच धातूचा. ज्याच्या स्मरणात ओढ नाही त्याच्या नामातही ओढ नाही. तेव्हा जो माणूस मित्रासाठी रडूच शकत नाही, तो पांडुरंगासाठी रडेल असे मला तरी वाटत नाही.

मग भगवंतांनी अर्जुनाला रागे का भरले? अर्जुनाचा शोक कर्तव्य सोडायला निघाला होता म्हणून. त्याने धनुष्य खाली टाकले होते. दोष डोळ्यांतल्या पाण्याचा नव्हे, हातातून गळलेल्या धनुष्याचा! ही खूण मनात पक्की ठेवा, म्हणजे नामदेवरायांचे चरित्र उलगडेल.

नामदेवरायांचा जन्म शके 1192 चा, ज्ञानोबारायांचा शके 1197 चा. म्हणजे नामदेवराय पाच वर्षांनी वडील. एक शिंप्याचे पोर, देवाशी भांडणारे, देवाच्या पायांवेगळे क्षणभर न राहणारे. दुसरे संन्याशाचे पोर, वाळीत टाकलेले, ऐन पोरवयात नेवाशात गीतेचा अर्थ ओवीत सांगणारे. ज्ञानोबाराय पंढरीत आले आणि म्हणाले, चला, तीर्थे करून येऊ. नामदेवरायांचा पाय निघेना. तेव्हा देवाने स्वतः त्यांचा हात ज्ञानोबांच्या हाती दिला, असे तीर्थावळीत वर्णन आहे.

वाटेत काय घडले? ज्ञानराजांनी नामयाला विचारले, भजनाची रीत मला सांगा. ज्यांनी गीता सांगितली ते विचारताहेत, आणि ज्याला सर्वांनी भोळा म्हटले तो सांगतो आहे. पुढे मारवाडच्या रखरखाटात दोघांना तहान लागली. विहीर खोल. ज्ञानोबाराय योगबळाने खाली उतरून पाणी पिऊन आले. नामदेवरायांनी काठावर बसून पांडुरंगाचा धावा केला, तो विहीरच भरून वाहू लागली, अशी कथा आहे. हिचे तात्पर्य चमत्कारात शोधू नका. एक उतरून पाणी पितो, एकासाठी पाणी वर येते. तहान दोघांची एकच. ज्ञान आणि भक्ती अशी हातात हात घालून चालली, त्याला आम्ही मैत्री म्हणतो.

आणि मग शके 1218 ची कार्तिक वद्य त्रयोदशी. ज्ञानोबाराय अवघे एकवीस वर्षांचे, नामदेवराय सव्वीसचे. आळंदीस सिद्धेश्वराजवळ समाधीची जागा झाडायला नामदेवरायांचीच मुले गेली, असे परंपरा सांगते. बापाच्या मित्राची जागा मुलांनी झाडावी! ज्ञानोबारायांचा हात धरून एका बाजूला निवृत्तिनाथ, एका बाजूला साक्षात देव. शिळा लागली. आणि गुरू असलेले निवृत्तिनाथ, ज्यांनी ज्ञान दिले तेच, धीर सोडून रडले. तिथे नामदेवरायांची काय कथा!

आता माझे कारण सांगतो. माझ्यामागे पखवाजाला उभा राहणारा एक गडी होता. मला ‘बुवा’ म्हणे, पण माझा चुकलेला ठेका सांभाळताना तो माझा बाप होत असे. मुक्काम कुठेही असो, त्या घरच्या माउलीकडून कणकेचा गोळा मागून आणायचा, पखवाजाच्या डाव्या अंगाला लावायचा, आणि माझ्या तोंडाकडे पाहून म्हणायचा, “बुवा, आज घसा धरलाय तुमचा. पट्टी उतरवू या.” मी बोललेलो नसतानाच त्याला कळे. छत्तिसाव्या वर्षी दहा दिवसांच्या तापाने गेला. मागे बायको आणि एक लहान मुलगा.

त्या वर्षी मी आळंदीस गेलो नाही. लोकांना सांगितले, पाय दुखतो. खोटे सांगितले. आत्मा अमर आहे हे मी चाळीस वर्षे लोकांना सांगत आलो, पण मागे वळून पाहिले की तिथे दुसराच कोणी उभा दिसायचा आणि शब्द फुटायचा नाही. रडण्याची मला लाज वाटली नसती. लाज वाटते ती याची, की त्याच्या घराकडेही मी चार महिने फिरकलो नाही. त्याच्या मुलाचे तोंड पाहवणार नाही म्हणून. म्हणजे धनुष्य खाली टाकले ते मीच! आणि घाटावरचा मुलगा विचारतो आहे, नामदेवराय रडले कसे?

नामदेवराय रडले, पण पुढे काय केले ते पाहा. त्या त्रयोदशीनंतर महिन्याभरात सासवडला सोपानकाका गेले. पुढच्या वर्षी मुक्ताई गेली, त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथ गेले. सगळे घर रिकामे झाले. नामदेवराय मागे राहिले, थोडेथोडके नव्हे, शके 1272 पर्यंत, चौपन्न वर्षे! मित्राला लाभलेल्या एकूण आयुष्याच्या दुपटीहून अधिक. ही वर्षे त्यांनी कशी घालविली?

एक, मित्राची कथा सांगितली. आदि, तीर्थावळी आणि समाधि ही प्रकरणे गाथ्यात त्यांच्या नावाने आहेत. क्रौंच पक्ष्याचे दुःख पाहून वाल्मीकींचा शोक श्लोक झाला. नामदेवरायांचा शोक अभंग झाला. माउलींचे बालपण, त्यांचा प्रवास, त्यांचा शेवटचा दिवस आपल्याला कळतो तो या रडणाऱ्या मित्रामुळे. ते रडून गप्प बसले असते तर आपल्या हाती काय राहिले असते?

दुसरे, वाट सोडली नाही. ज्या उत्तरेकडे दोघांनी मिळून पाऊल टाकले तिकडे नामदेवराय पुन्हा गेले, पंजाबात घुमानपर्यंत कीर्तन नेले. शिखांच्या गुरुग्रंथसाहेबात त्यांची 61 पदे आहेत. 2015 साली घुमानला मराठी साहित्य संमेलन भरले ते याच पुण्याईने.

तिसरे, आणि मला सर्वांत मोठे वाटते ते. शके 1260 मध्ये मंगळवेढ्यास गावकूस कोसळून चोखोबाराय गाडले गेले. नामदेवराय तेव्हा अडुसष्ट वर्षांचे. ते स्वतः गेले. ढिगाऱ्यातून ज्या अस्थींतून विठ्ठल नाम ऐकू आले त्या ओळखून पदरात घेतल्या, अशी कथा आहे, आणि पंढरीस महाद्वारासमोर त्यांना समाधी दिली. ज्याला जिवंतपणी आत येऊ दिले नाही, त्याला मित्राने देवाच्या दाराशी आणून बसविले. आणि स्वतः काय मागितले? त्याच दाराची पायरी! आजही आपण एका बाजूला चोखोबांना आणि पुढे नामदेवांच्या पायरीला हात लावूनच आत जातो.

तर श्रोतेहो, नामदेवरायांनी डोळे पुसले नाहीत; डोळे भरलेले ठेवूनच चालत राहिले. अकाली गेलेल्यासाठी रडू नका असे मी सांगणार नाही. रडा. परंतु त्याचे राहिलेले काम हाती घ्या, त्याची गोष्ट त्याच्या लेकरांना सांगा, त्याच्या दारी जा. आत्मा अमर आहे हे खरेच, पण त्याच्या घरची चूल पेटते की नाही हे पाहणे आपल्याकडे आहे.

त्या घाटावरच्या मुलाला मी एवढेच म्हटले, “बाळा, ज्ञानोबारायांना अमरत्व ठाऊक होते आणि नामदेवरायांना ज्ञानोबा ठाऊक होते.” दुसऱ्याच दिवशी मी त्या घरी गेलो. माउलीने दार उघडले. एक शब्द बोलली, “उशीर केलात बुवा.” मी खाली मान घातली. पखवाज कोपऱ्यात गवसणीत होता. आता तो पोर चौदा वर्षांचा आहे आणि माझ्यामागे उभा राहतो. ठेका अजून कच्चा आहे. कणीक जास्त लावतो. पण आषाढीला माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाला, “बुवा, पट्टी उतरवू या का?”

त्या दिवशी माझे कीर्तन काही नीट झाले नाही. पांडुरंगाने गोड मानून घेतले असेल.

ज्ञानोबा-नामदेवांच्या चरणी एवढीच विनवणी, की आमचे रडणे वाया जाऊ देऊ नका.

॥ रामकृष्णहरि ॥