विवेकबुद्धि चुकते तेव्हां

मनुष्याची विवेकबुद्धि त्याला बरें व वाईट सांगते, असें आपण आपल्या मुलांना शिकवितों, आणि तें शिकविणें योग्यच आहे. परंतु ती बुद्धिच उलटें सांगूं लागली तर काय करावें? एखाद्यानें तिचें ऐकलें नाहीं, आणि ऐकलें नाहीं म्हणूनच त्याच्या हातून चांगलें घडलें, असें होऊं शकेल काय? या प्रश्नावर विद्वानांनीं पुष्कळ लिहिलें आहे. आम्ही मात्र येथें मुलांच्या एका गोष्टीचा आधार घेतों.

ही गोष्ट म्हणजे मार्क ट्वेन या अमेरिकन ग्रंथकाराची 'हकलबरी फिन' ही कादंबरी. ती १८८४ सालच्या डिसेंबरांत इंग्लंडांत व १८८५ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झाली. तींतील काळ मात्र त्याच्या चाळीस-पन्नास वर्षें आधींचा, म्हणजे गुलामगिरी कायदेशीर होती तेव्हांचा आहे. हक हा एका दारुड्याचा पोरगा. बापाच्या माराला कंटाळून तो पळून जातो. जिम हा मिस वॉट्सन नांवाच्या बाईचा गुलाम. आपल्याला आठशें डॉलरांस दूर दक्षिणेंत विकण्याचें घाटत आहे हें कानीं पडतांच तोहि पळतो. दोघांची गांठ मिसिसिपी नदींतील एका बेटावर पडते, आणि पुढें एकाच तराफ्यावर, रात्रीं प्रवास करीत व दिवसा लपून राहत, ते नदीच्या ओघाबरोबर खालीं जातात. एक गोरा पोर व एक प्रौढ काळा गुलाम यांचा हा स्नेह त्या देशाच्या रीतीला अगदीं सोडून होता.

तो स्नेह कसा वाढला हें पाहण्याजोगें आहे. एका रात्रीं धुक्यांत दोघांची ताटातूट होते. हक परत येतो तेव्हां, धुकें वगैरे कांहीं पडलेंच नव्हतें, तुला स्वप्न पडलें, अशी जिमची थट्टा करतो. जिम तराफ्यावर सांचलेला पालापाचोळा व मोडलेलें वल्हें पाहतो आणि सर्व ओळखतो. तो रागें भरत नाहीं. तूं हरवलास म्हणून माझें काळीज फाटलें होतें, आणि तूं मात्र मला हंसण्याचाच विचार करीत होतास, एवढेंच सांगून तो आंत जातो. एका गुलामापुढें नमून क्षमा मागावयास हकला पंधरा मिनिटें लागतात. पण तो मागतो, आणि त्याचा त्याला पुढें कधीं पस्तावा होत नाहीं. आमच्या मतें सर्व पुस्तकांत याहून मोठें साहस नाहीं.

यानंतर लगेच त्याची विवेकबुद्धि त्याला टोंचूं लागते, आणि कशाबद्दल? जिमला पळून जाण्यास साहाय्य केल्याबद्दल! त्या गरीब बाईनें तुझें काय वाईट केलें होतें, कीं तिची मालमत्ता तुझ्या डोळ्यांदेखत जाऊं देतोस, असें ती त्याला विचारते. जिमला धरून देण्याच्या निश्चयानें हक होडींत बसतो. इतक्यांत पळालेले गुलाम शोधणारे दोन हत्यारबंद इसम भेटतात. आतां एक शब्द बोलला कीं काम झालें. पण तो शब्द तोंडांतून निघत नाहीं. तराफ्यावर देवीचा रोगी आहे असा त्यांचा समज तो करून देतो, आणि ते घाबरून, वीस-वीस डॉलरांचीं दोन सोन्याचीं नाणीं फळीवर ठेवून, दुरूनच परत जातात. पुढें एकदां तो मालकिणीला पत्रहि लिहितो. पत्र लिहिल्यावर पाप धुतल्यासारखें त्याला वाटतें. मग जिम आठवतो; आपली झोंप मोडूं नये म्हणून आपली पहाऱ्याची पाळी करणारा जिम. हक पत्र फाडून टाकतो. आणि ध्यानांत ठेवा, आपण आतां नरकास जाणार अशी त्याची पक्की खात्री असते.

त्या मुलाला असली विवेकबुद्धि दिली कोणीं? ग्रंथकर्त्यानें आपल्या बाळपणाविषयीं लिहून ठेविलें आहे कीं, गुलामगिरींत कांहीं वावगें आहे हें त्याला ठाऊकच नव्हतें. त्याच्या गांवच्या व्यासपीठावरून ती देवाला मान्य आहे असेंच शिकविलें जाई. हें वाचून आम्हां ख्रिस्ती लोकांची मान खालीं जाते. फिलेमोनास लिहिलेलें पत्र गुलाम परत पाठविण्याच्या समर्थनार्थ वाचलें जात असे! याच वादावरून १८४४ सालीं अमेरिकेंतील मेथॉडिस्ट मंडळींत फूट पडली, आणि १८४५ सालीं दक्षिणेकडील बॅप्टिस्टांनीं निराळी संस्था उभारली. त्या संस्थेनें गुलामगिरीबद्दल ठराव करून क्षमा मागितली ती १९९५ सालीं. हकला पंधरा मिनिटें लागलीं. मंडळीला दीडशें वर्षें लागलीं.

मग विवेकबुद्धि सोडून केवळ अंतःकरणाच्या ओढीनें चालावें काय? तसेंहि आम्हांला म्हणवत नाहीं. जिमला वांचविल्यावर, गुलामगिरी वाईट आहे असें हकच्या मनांत एकदांहि येत नाहीं; आपणच वाईट, असें तो समजतो. पुढें आगबोटीच्या स्फोटाची एक बनावट हकीकत सांगतांना, कोणाला इजा झाली काय असें एक बाई विचारते; नाहीं, एक काळा मनुष्य तेवढा मेला, असें तो सहज सांगून जातो. तो त्या बाईच्या समजुतीप्रमाणें बोलला, असें कोणी म्हणतात. असेल. पण ओळखीच्या एका मनुष्यापुरतें उघडलेलें अंतःकरण अनोळखी लाखों मनुष्यांसाठीं उघडेलच असें नाहीं. त्या लाखोंची सुटका पोराच्या दयेनें झाली नाहीं. त्यासाठीं युद्ध व्हावें लागलें, आणि १८६५ सालीं राज्यघटना बदलावी लागली. तरीहि, ज्याचें बरेंवाईट आपण ठरवितों, त्याच्याबरोबर आपण कधीं एका तराफ्यावर बसलों आहों काय, हें प्रत्येकानें आपल्या विवेकबुद्धीला विचारण्यासारखें आहे.

१८९६ सालीं मार्क ट्वेन व्याख्यानांसाठीं हिंदुस्थानांत आला होता. मुंबईच्या हॉटेलांत एक दार नीट करण्यासाठीं एक नोकर गुडघे टेकून बसला असतां, एका धिप्पाड जर्मन माणसानें काय चुकलें तें न सांगतां प्रथम त्याच्या थोबाडींत दिली. नोकर निमूट राहिला. हा प्रकार आपण पन्नास वर्षांत पाहिला नव्हता, असें ट्वेन आपल्या प्रवासवर्णनांत लिहितो. त्याला एकदम आपलें बाळपण आठवलें. त्याचा बाप सभ्य व मायाळू होता, मुलाला त्यानें सबंध आयुष्यांत दोनदांच मारिलें. पण घरच्या निरुपद्रवी गुलाम पोराला क्षुल्लक चुकांसाठीं तो वरचेवर मारी. आणखीहि एक आठवण त्याला झाली. तो दहा वर्षांचा असतां एका मनुष्यानें रागाच्या भरांत लोखंडाच्या दगडाचा गोळा आपल्या गुलामाच्या डोक्यांत घातला. तासाभरांत तो मेला. आपल्या गुलामाला मारण्याचा धन्याला हक्क आहे, हें त्या मुलाला ठाऊक होतें. तरी तें कींव येण्यासारखें व कसेंसेंच वाटलें. कां, तें मात्र त्याला सांगतां येईना. गांवांतहि तें कोणाला रुचलें नाहीं, पण त्याविषयीं फारसें कोणी बोललें नाहीं.