‘ऑट’चा धनको

सरकारी टिपणांत ‘ऑट’ हे इंग्रजी क्रियापद आपण किती वेळा लिहिले असेल, त्याची गणती नाही. अमुक गोष्ट ‘व्हावयास पाहिजे’ एवढाच त्याचा अर्थ आपण जाणतो. परंतु त्याची कुळकथा मोठी उद्बोधक आहे. देणे लागणे या अर्थाच्या ‘ओ’ क्रियापदाचे ते मूळचे भूतकाळी रूप. आणि ‘ओ’चा आरंभीचा अर्थ देणे लागणे नव्हे, तर मालकी असणे. शेक्सपिअरच्या नाटकांतही तो कोठे कोठे या जुन्या अर्थाने येतो. जुन्या इंग्रजीतील ‘आगन’ या क्रियापदापासून ‘ओन’, ‘ओ’ आणि ‘ऑट’ ही भावंडे निघाली. भाषाशास्त्रज्ञ त्याचे नाते संस्कृत ‘ईश्’ धातूशी लावतात. म्हणजे आपला ‘ईश्वर’ही याच गोत्रातला.

मालकीतून ऋण आणि ऋणातून कर्तव्य, असा हा प्रवास आहे. ज्याच्यापाशी काही आहे, त्याच्याकडेच देणे निघते, हा विचार आपल्याला परका नाही. तैत्तिरीय संहितेने ब्राह्मणाला जन्मतःच ऋषी, देव आणि पितर यांचा ऋणको ठरविले. पण तेथे प्रत्येक ऋणाला धनको आहे. ‘ऑट’मधून मात्र धनकोचे नाव गळाले. आपल्या ‘पाहिजे’ची गतही निराळी नाही. ‘पाहणे’ या धातूचे ते जुने कर्मणी रूप: पाहिले जाते, अपेक्षिले जाते. कोणाकडून, ते शब्द सांगत नाही.

या लोपात धोका आहे. फार वर्षांपूर्वी एका विधवा बाईंच्या निवृत्तिवेतनाच्या कागदावर ‘विचार व्हावयास पाहिजे’ असा शेरा मारून मी बदलीच्या गावी निघून गेलो. शेरा निर्दोष होता. दीड वर्षाने कळले, कागद तेथेच पडून होता. कर्तव्य मी मान्य केले होते. ते माझे देणे आहे, असे मात्र मला वाटले नव्हते.

व्युत्पत्तीवरून नीती सिद्ध होत नाही, हे खरे. कर्ज फिटते, कर्तव्य फिटत नाही, हा आक्षेपही रास्त आहे. तरीही ‘पाहिजे’ लिहिण्यापूर्वी दोन नावे मनाशी उच्चारावीत: ऋणको कोण आणि धनको कोण. पहिले नाव बहुधा आपलेच निघते.