देवाच्या दारी धरणे

देवाने पाठ फिरवली, असे वाटणे भक्तिमार्गात नवलाचे नाही. वारकरी परंपरेने तर त्यासाठी अभंगांचा एक प्रकारच राखून ठेवला आहे. भजनी मालिकांत आणि गाथेत हे अभंग ‘करुणापर’ म्हणून येतात. त्यांत स्तुती थोडी आणि तक्रार फार असते. भेट का देत नाहीस, एवढा उशीर का, तू इतका निष्ठुर कसा झालास, असे देवाला तोंडावर विचारलेले असते. वरवर पाहता हा अविश्वासाचा सूर वाटतो. पण ज्याच्याकडून काहीच अपेक्षा उरलेली नाही, त्याच्याशी कोणी भांडायला जात नाही. करुणेवरचा विश्वास इथे बहुधा भांडणाच्या रूपानेच टिकलेला दिसतो.

तुकोबांचे उदाहरण याबाबत सर्वांत बोलके आहे. देहूचे हे घराणे महाजनकीचे आणि व्यापाराचे. १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात धंदा बुडाला, पहिली पत्नी अन्नान्न करत गेली, मुलगाही गेला. आत्मचरित्रपर अभंगात तुकोबा दिवाळे आणि पत्नीचा मृत्यू जवळजवळ कोरडेपणाने नोंदवतात आणि लागलीच सांगतात की भंगलेले देऊळ दुरुस्त करावे, असे मनात आले. देव प्रसन्न झाला म्हणून देऊळ बांधले, असा क्रम तिथे नाही. पदरात काही नसतानाच काम हाती घेतले आहे.

पुढे आपल्या वाटणीची कर्जखते त्यांनी इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. सावकारी सुटली, पण तिची भाषा सुटली नाही. देव आपले देणे लागतो आणि ते वसूल केल्याशिवाय सोडायचे नाही, हा पवित्रा त्यांच्या अभंगांत वारंवार भेटतो. त्या काळी वसुलीचा ‘धरणे’ हा एक रिवाज होता: धनको ऋणकोच्या दारात उपाशी बसून राही. वाघोलीच्या रामेश्वरभट्टांच्या आक्षेपामुळे अभंगांच्या वह्या नदीत बुडवाव्या लागल्या, तेव्हा तुकोबा तसेच बसले. तेरा दिवसांचा उल्लेख त्यांच्याच अभंगात आहे. बुडालेल्या वह्या पुढे वर आल्या, अशी कथा आहे. त्या खरोखर तरल्या की लोकांनी पाठ असलेले अभंग पुन्हा लिहून काढले, हा वाद जुना आहे आणि तो इथे गौण आहे. अधिक मोलाचे आहेत ते नंतरचे अभंग. त्यांत विजयाचा आनंद कमी आणि ओशाळलेपण जास्त आहे. लोकांच्या बोलण्यासाठी मी तुझा अंत पाहिला, तुला शिणवले, हा माझा मोठा अपराध, असे ते म्हणतात. चमत्काराच्या कीर्तनी वर्णनात ही बाजू सहसा वगळली जाते, हे बरे नाही. कारण धरणे धरणारा आणि त्याबद्दल क्षमा मागणारा भक्त एकच आहे.

हा हक्क येतो कुठून? पुण्याईतून नव्हे. संतांनी तो देवाच्या ब्रीदावर उभा केला आहे. पतितपावन म्हणवतोस, अनाथांचा नाथ म्हणवतोस, मग हे ब्रीद सांभाळणे ही तुझी जबाबदारी, असा हा युक्तिवाद आहे. त्यामुळे स्वतःची अपात्रता हा भक्ताच्या बाजूचा पुरावा ठरतो. अंतःकरण कोरडे पडले, नामात गोडी उरली नाही, तरी ब्रीद रद्द होत नाही.

मात्र प्रत्येक परकेपण देवाकडूनच आलेले नसते. अस्पृश्य मानल्या गेलेल्या संत चोखोबांना देवळाच्या आत प्रवेश नव्हता. त्यांचा मुलगा कर्ममेळा याचे अभंग तर अधिक कडवट आहेत. असा हीन जन्म दिलास तरी कशाला, हा त्याचा प्रश्न आहे. अशा वेळी ‘धीर धरा, देव दयाळू आहे’ एवढेच सांगणे म्हणजे माणसांच्या अन्यायावर पांघरूण घालणे. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांसाठी उघडले ते १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. तिथे करुणेला माणसांच्या हातांची गरज होती.

गुरुदेव रा. द. रानडे यांनी महाराष्ट्रातील संतांच्या गूढानुभवावरील १९३३ च्या इंग्रजी ग्रंथात तुकोबांच्या तळमळीच्या अवस्थेला ‘आत्म्याची काळरात्र’ म्हटले आहे. मूळ कल्पना सोळाव्या शतकातील स्पॅनिश संत जॉन ऑफ द क्रॉस यांची.  तुलना मार्मिक आहे, पण तिच्यातून आधी काळोख, मग साक्षात्कार आणि मग कायमचा उजेड असा नीटस क्रम सुचतो. गाथेला तो आधार नाही. अभंगांवर तारखा नाहीत आणि हस्तलिखितांतही ते रचनेच्या क्रमाने लावलेले नाहीत. तळमळीचा कोणता अभंग साक्षात्काराच्या आधीचा आणि कोणता नंतरचा, हे कोणालाही ठरवता आलेले नाही.