पातक, प्रायश्चित्त आणि सत्ताविसावा रकाना

अमेरिकेच्या सैन्यातून मुक्त होणाऱ्या शिपायाच्या हाती ‘डीडी २१४’ नावाचा जो दाखला पडतो, त्याच्या २७व्या रकान्यात एक लहानसा संकेतांक असतो. भूदलात १ हा अंक असलेल्याला पुन्हा भरती होण्यास सहसा आडकाठी नसते, ३ असलेल्याला खास सवलतीवाचून प्रवेश नसतो आणि ४ असलेल्याला दार बहुधा कायमचे बंद होते. सेवामुक्ती सन्मानपूर्वक झालेली असली, तरीही हा अंक प्रतिकूल पडू शकतो.

वॉशिंग्टनच्या वायव्येस, लाउडन काउंटीतील अ‍ॅशबर्न या गावी, जेथे डेटा सेंटरांच्या अवाढव्य इमारतींत जगाच्या नोंदी अहोरात्र साठत असतात, तेथे मराठी कुटुंबेही वसली आहेत. त्यांपैकी एखाद्या घरचा मुलगा असा अंक घेऊन परतला, तर त्याच्या आईवडिलांपुढे उभा राहणारा प्रश्न केवळ कायद्याचा राहत नाही. केलेले कर्म भोगलेच पाहिजे, मग दप्तरातील नोंद बदलून मागणे म्हणजे चित्रगुप्ताच्या वहीत खाडाखोड करणे नव्हे काय, अशी शंका श्रद्धाळू मनाला येते.

ही शंका प्रामाणिक आहे. परंतु ती आपल्याच शास्त्राला धरून नाही. कर्माचे फळ भोगाने क्षीण होते असे शास्त्र मानते, तर रकान्यातला अंक कितीही वर्षे भोगला तरी आपोआप तसूभर झिजत नाही. याज्ञवल्क्यस्मृतीचा तिसरा अध्याय प्रायश्चित्ताच्याच नावाने ओळखला जातो, आणि त्यात एक अतिशय सूक्ष्म भेद केलेला आढळतो: अजाणता घडलेले पातक प्रायश्चित्ताने नाहीसे होते; बुद्धिपुरस्सर केलेल्या पातकाचा कर्ता मात्र प्रायश्चित्ताने या लोकी व्यवहारास योग्य ठरतो. पापाचा अंतिम हिशेब समाजाच्या हाती नाही; मनुष्याला पुन्हा पंक्तीत घ्यावे की नाही, एवढेच त्याच्या हाती आहे, आणि तेवढे तरी त्याने विवेकाने करावे, असा या वचनाचा आशय मी समजतो.

नेताजी पालकरांचे उदाहरण येथे आठवल्याखेरीज राहत नाही. पन्हाळ्यावरील हल्ल्यास वेळेवर न पोचल्यामुळे १६६६ साली त्यांची सरनोबती गेली. ते आदिलशाहीत गेले, तेथून मोगलांकडे गेले. पुढे औरंगजेबाच्या हुकुमाने कैद होऊन, धर्मांतरानंतर मुहम्मद कुली खान या नावाने दूर काबूलच्या मोहिमेवर रवाना झाले. दहा वर्षांनी, १६७६ साली, ते परत आले तेव्हा शिवाजी महाराजांनी त्यांना प्रायश्चित्त देऊन स्वधर्मात घेतले. सरनोबतीवर मात्र त्या वेळी हंबीरराव मोहिते होते, आणि त्या पदावर तेच राहिले. दार उघडले, पद परत मिळाले नाही. संकेतांक बदलल्यानेही भरतीची हमी मिळत नाही. केवळ दारापाशी उभे राहण्याचा अधिकार परत येतो, आणि तो अधिकार, माझ्या मते, कोणत्याही पदाहून मोठा आहे.

१९४६ च्या अमेरिकन कायद्याने लष्करी दप्तरातील चूक सुधारणे आणि अन्याय दूर करणे, अशी दोन्ही कामे नोंददुरुस्ती मंडळांकडे सोपविली. नोंद अक्षरशः खरी असूनही अन्याय्य असू शकते, हे त्या कायद्याने मान्य केले. समलिंगी असल्याच्या कारणाने ज्यांना पूर्वी सैन्यातून काढले होते, त्यांच्या नोंदी खोट्या नव्हत्या. तरीही २०११ साली ते धोरण संपल्यावर असे संकेतांक साधारणतः अनुकूल करून द्यावेत, असा आदेश निघाला. आपल्याकडेही शिक्षेच्या, लाल शाईच्या, चार नोंदी झाल्या एवढ्यावरून, चौकशीवाचून, जवानाला कमी करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली सांगितले.

मंडळापुढे अर्जदाराची बाजू प्रारंभी दुबळी असते, कारण सरकारी कारभार यथाविधी झाला असेच गृहीत धरले जाते आणि उलट सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर पडतो. बहुतेक निकाल कागदांवरूनच होतात. म्हणून ज्या घरी असा दाखला कपाटात पडून आहे, त्या घरच्यांना माझी विनंती आहे, की सेवापुस्तक, वैद्यकीय कागद आणि नंतरच्या वर्तनाचे पुरावे जमवून ‘डीडी १४९’ हा अर्ज अवश्य करावा. त्याला फी नाही. चूक किंवा अन्याय कळल्यापासून तीन वर्षांची मुदत आहे, आणि ती टळली असली तरी न्यायहितार्थ माफ करण्याचा अधिकार मंडळाला आहे.