अभिप्राय हीसुद्धा साक्षच

बीडच्या मोंढ्यात लिलाव होतो तेव्हा माल समोर असतो, अडत्या ओळखीचा असतो. ऑनलाइन लिलावात आधीच्या ग्राहकांच्या अभिप्रायावरच विसंबावे लागते. म्हणून असा अभिप्राय ही साक्ष ठरते.

‘ईबे’वर पूर्वी खरेदीदार व विक्रेता एकमेकांविषयी बरा-वाईट शेरा देत. उलट शेऱ्याच्या भीतीने फसलेला ग्राहकही गप्प बसे आणि पुढचा अनोळखी ग्राहक फसे. २००८ मध्ये विक्रेत्यांची प्रतिकूल शेऱ्याची मुभा काढून घेण्यात आली. भीती सरली; पण तराजू एकट्या ग्राहकाच्या हाती आला.

सूरह मुतफ्फिफीनमध्ये घेताना पुरेपूर मापून घेणाऱ्या व देताना माप मारणाऱ्यांचा धिक्कार आहे. कुरिअरच्या विलंबाचा दोष विक्रेत्याच्या माथी मारणे, वाईट शेऱ्याचा धाक घालून सूट उकळणे, हेही माप मारणेच होय. भिडेखातर खोटी स्तुती करणे हाही त्या पुढच्या ग्राहकावर अन्यायच. सूरह निसा (४:१३५) साक्ष स्वतःविरुद्ध गेली तरी न्यायावर ठाम राहण्यास सांगते. सूरह माइदा (५:८) वैरापायी न्याय सोडण्यास मनाई करते.

शेरा लिहिण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःस विचारावे : हेच शब्द मला आखिरतमध्ये अल्लाहसमोर उच्चारता येतील काय?