लेखकाचे मत आणि संबोधनाची नीती

लेखकाचे जाहीर मत आणि त्याची साहित्यकृती यांच्या संबंधाचा प्रश्न मराठी समीक्षेला नवा नाही. कलावाद-जीवनवादाच्या वादापासून बांधिलकीच्या चर्चेपर्यंत तो निरनिराळ्या रूपांत उपस्थित होत आला आहे. जे. के. रोलिंग यांच्या पारलिंगी व्यक्तींविषयीच्या भूमिकेमुळे मात्र त्याचे एक दुर्लक्षित अंग पुढे आले आहे. ते म्हणजे लेखकाने ज्यांच्याविषयी मत मांडले, त्या माणसांचे काय?

आधी वस्तुस्थिती पाहू. जून २०२० मध्ये रोलिंग यांनी एक दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. स्त्रियांसाठी राखीव असलेल्या जागा आणि जैविक लिंगावर आधारलेले हक्क यांविषयीची चिंता त्यांनी त्यात मांडली; स्वतः सोसलेल्या कौटुंबिक आणि लैंगिक अत्याचाराचाही उल्लेख केला. त्यांच्या कादंबऱ्यांवरील चित्रपटांत भूमिका केलेल्या डॅनिएल रॅडक्लिफ, एमा वॉटसन यांच्यासह अनेकांनी जाहीर असहमती नोंदविली. त्यांचा आक्षेप असा, की या चिंतेतून एक लहान, आधीच उपेक्षित समूह समग्रपणे संशयास्पद ठरतो. १ एप्रिल २०२४ रोजी स्कॉटलंडमध्ये द्वेषगुन्ह्यांविषयीचा नवा कायदा अमलात आला. त्याच दिवशी रोलिंग यांनी काही पारलिंगी स्त्रियांची नावे घेऊन त्या पुरुष असल्याचे लिहिले. त्यात गुन्हा होत नाही, असा निर्वाळा पोलिसांनी दिला.

या प्रसंगी समीक्षक दोन सोप्या उत्तरांचा आश्रय घेतात. पहिले उत्तर असे, की संहिता स्वायत्त असल्याने लेखकाची मते गैरलागू ठरतात. रोलाँ बार्थ यांनी १९६७ साली लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली, तिचा आधार येथे घेतला जातो. परंतु ती घोषणा अर्थनिर्णयातील लेखकाच्या सत्तेविषयी होती. समाजात वावरणाऱ्या लेखकाला जबाबदारीतून मुक्त करणे हा तिचा हेतू नव्हे. दुसरे उत्तर याच्या उलट आहे. मत दूषित म्हणून कृतीही दूषित, असे ते मानते. यात वाचनाचे कष्टच टळतात. कृतीत काय आहे हे कृतीतूनच सिद्ध करावे लागते, ते लेखकाच्या नंतरच्या विधानांवरून गृहीत धरता येत नाही. म्हणून मताचे मूल्यमापन सामाजिक कृती म्हणून आणि साहित्याचे साहित्य म्हणून व्हावे. मात्र मताला मिळणारे वजन साहित्यातून आलेल्या कीर्तीचे असते. या दोहोंना जोडणारा दुवा तेथे आहे.

टीका म्हणजे दडपशाही, हा युक्तिवादही तपासून घ्यावयास हवा. दडपशाही कशी असते, हे मराठी वाचकाला र. धों. कर्वे यांच्या उदाहरणावरून कळते. 'समाजस्वास्थ्य'मध्ये वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांबद्दल १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली. तरी दंड झालाच. शासनाने लेखकाला शिक्षा करणे आणि वाचकांनी त्याच्याशी असहमत होणे यांत मूलभूत अंतर आहे. अर्थात धमकी ही टीका नव्हे, हेही तितक्याच स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

इंग्रजीत हा वाद मुख्यतः सर्वनामापाशी घुटमळतो. मराठीत तो क्रियापदापर्यंत पोहोचतो. 'मी जातो' की 'मी जाते', हे ठरविल्यावाचून बोलणाऱ्याला साधे वर्तमानकाळी वाक्यही पुरे करता येत नाही. नपुसकलिंग हाताशी आहे खरे. पण 'ते आले' हे आदरार्थी अनेकवचन आणि 'ते आले' हे नपुसकलिंगी एकवचन, लेखनात सारखेच दिसणाऱ्या या दोन रूपांत सन्मान आणि वस्तुकरण यांइतके अंतर आहे. मराठीत एखाद्याविषयी लिहिणे म्हणजे त्याच्याशी कोणते नाते मानतो हे जाहीर करणेच होय.

या संदर्भात पुणतांब्याची आठवण होते. तेथे गोदावरीकाठी चांगदेवांची समाधी आहे. परंपरा सांगते, की ज्ञानदेवांना पत्र लिहिताना त्यांना मायना सुचेना. वयाने लहान म्हणून 'चिरंजीव' लिहावे, तर अधिकार मोठा. 'तीर्थरूप' लिहावे, तर वय आड येते. त्यांनी कोरा कागद पाठविला. उत्तरादाखल पासष्ट ओव्या आल्या आणि पुढे वयाने कितीतरी लहान असलेल्या मुक्ताबाईंना त्यांनी गुरू मानले. ही आख्यायिका लिंगभावाविषयी नाही, हे खरे. तरीही आपल्या जवळची कोटी समोरच्या माणसाला पुरी पडत नाही, हे ओळखून थांबण्याची नीती तिच्यात आहे. चांगदेवांनी नात्याचा मायना समोरच्यावर लादला नाही.

स्त्रियांचे तुरुंग, क्रीडास्पर्धा, आश्रयगृहे यांविषयीच्या धोरणांवर मतभेद असू शकतात, आणि ते मांडण्याचा हक्क रोलिंग यांना आहेच. परंतु धोरणाविषयीचा युक्तिवाद पुरा करण्यासाठी एका विशिष्ट व्यक्तीला तिने नाकारलेल्या नावाने हाक मारण्याची गरज नसते. तेथे युक्तिवाद संपतो आणि अवमान सुरू होतो. कायदा त्याला गुन्हा मानत नसेल. नीतीचे क्षेत्र कायद्याहून मोठे आहे.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये स्वतःचा लिंगभाव स्वतः ठरविण्याचा अधिकार मान्य केला. त्याआधीच, २०१२ साली, लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे 'मी हिजडा... मी लक्ष्मी!' हे आत्मकथन मराठीत आले होते. पुणतांब्यापासून जवळच असलेल्या श्रीरामपूरच्या दिशा पिंकी शेख कविता लिहितात. म्हणजे ज्यांच्याविषयी चर्चा चालते ती माणसे आता आपल्याच भाषेत प्रथमपुरुषी लिहीत आहेत आणि क्रियापदाचे रूपही स्वतः निवडत आहेत. प्रसिद्ध लेखिकेच्या मतांची मीमांसा करणाऱ्या अभ्यासकाने हे लेखन वाचलेले नसेल, तर त्याची मीमांसा एका पक्षाची साक्ष न काढता दिलेला निकाल ठरेल.